अकरा गते, अकरा तारीख

काठमांडूच्या विमानतळाबाहेर त्या सकाळी चाळीसेक माणसं हातात झेंडूच्या माळा घेऊन उभी होती, आणि त्यातली एकही माळ हुमकला खड्काच्या गळ्यात पडली नाही.

तिने आधी सरळ उभं राहून पाहिलं, मग टाचा उंचावून पाहिलं, मग सामानाच्या गाडीवर एक पाय ठेवून पाहिलं. थोरला भाऊ दाइ नाही, वहिनी भाउजू नाही, बा तर नाहीतच. शेजारच्या पोरीला इतक्या माळा घातल्या होत्या की तिचं नाकसुद्धा दिसेना, आणि ती पोरगी कतारला जाऊन उणीपुरी दोन वर्षं झाली होती. हुमकला सायप्रसला अकरा वर्षं काढून आली होती. अकरा वर्षांच्या हिशेबाने तिला झेंडूचं आख्खं शेतच मिळायला हवं होतं.

थोडा वेळ ती रुसली. पण रुसवा तिला फार वेळ धरता येत नाही, हे लहानपणापासूनचं. नवरा मलेशियाला गेला आणि तिथल्याच एकीचा होऊन बसला, तेव्हाही ती तीन दिवस रडली आणि चौथ्या दिवशी, मेल्याने जाताना आपलीच फुलाफुलांची छत्री नेली हे आठवून हसत सुटली. मग माहेरी आली, आणि वर्षभरात सायप्रसला गेली. तिथे लार्नाका गावात किरिया आंद्रुला नावाच्या म्हातारीला न्हाऊ घालायचं, भरवायचं आणि तिच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. म्हातारी एक्क्याण्णव वर्षांची. निघताना म्हणाली होती, "बावीस दिवस देते तुला. तोवर मी मरत नाही. तेविसाव्या दिवसाचं मात्र सांगता येत नाही."

हे बावीस दिवस हुमकलाला एका टिक्यासाठी हवे होते. दसैंच्या दशमीला, म्हणजे दसऱ्याला, बा ताट घेऊन बसतात, दह्यात आणि लाल रंगात कालवलेल्या तांदळांचा टिका एकेकाच्या कपाळाला लावतात, घटात उगवलेले जवाचे पिवळे कोंब, जमरा, कानामागे खोवतात आणि आशीर्वाद पुटपुटतात. गेली अकरा वर्षं बांनी तो टिका भाउजूच्या मोबाईलच्या काचेवर लावला होता. इकडे गावी काफलडांड्यावर बा काचेला दही फासत, आणि तिकडे लार्नाकात हुमकला स्वयंपाकघरात ओट्याशी डोकं पुढे करून उभी राही. त्यात भाउजूचे दोन फोन दही पिऊन मेले. तिसऱ्याला भाउजू प्लास्टिकची पिशवी घालायला लागली. मागच्या वर्षी बांनी फोन उलटा धरला आणि टिका हनुवटीला लावला. सगळे खूप हसले. हुमकलाही हसली, आणि फोन ठेवल्यावर तिला कळेना की आपण हनुवटी का पुसतोय. बा एकोणऐंशीचे होते. त्याच दिवशी तिने ठरवलं, पुढच्या दसैंला हे कपाळ बांच्या हाताखाली न्यायचं.

आणि आता टिका उद्यावर आला असताना तिला न्यायला कुणीच आलेलं नव्हतं.

ती सिमकार्डच्या टपरीवर गेली. टपरीवाली बाई नोंद करता करता पुटपुटली, "गते पंचवीस, तारीख अकरा..."

"काय म्हणालात?"

"असोजचे पंचवीस गते झाले ना आज, दिदी. तुमच्या तिकडची तारीख अकरा."

हुमकलाने कपाळाला हात लावला. मग तिला हसू यायला लागलं, आणि ते इतकं वाढत गेलं की टपरीवालीने पाण्याची बाटली पुढे केली.

झालं होतं ते असं. आठ दिवसांपूर्वी भाउजूने फोनवर लाडाने विचारलं होतं, "कधी येतेस मैया?" आणि हुमकलाने मोठ्या झोकात सांगितलं होतं, "अकरा गते!" आता घरच्या पंचांगातला दिवस तो गते आणि परदेशातला दिवस ती तारीख, हे नेपाळात शेंबडं पोरही सांगेल. पण अकरा वर्षं तारखेवर जगलेल्या बाईच्या जिभेने लाडात येऊन घरचा शब्द उचलला, आणि आकडा तेवढा सायप्रसचाच राहिला. असोजचे अकरा गते तेव्हा केव्हाच उलटून गेले होते. म्हणजे भाउजूने भिंतीवरच्या कॅलेंडरात कार्तिकाच्या अकराला गोल केला असणार, आणि सगळे तिची वाट बघणार होते ते अजून सोळा दिवसांनी.

तिने फोन काढला, घरचा नंबर दाबत आणला, आणि अंगठा तसाच थांबवला. एक भन्नाट कल्पना तिच्या डोक्यात शिरली होती.

फोन करायचाच नाही. उद्या दशमी. गावात सर्वांत वडील बा, म्हणून साठ-सत्तर माणसं अंगणात ओळीने टिक्याला बसतात. आपण शाल डोक्यावरून ओढून गुपचूप त्या ओळीत जाऊन बसायचं. बांना मोतीबिंदू आहे. ते टिका लावतील, जमरा खोवतील, आणि मग विचारतील, "कुणाची गं तू?" आणि आपण म्हणायचं, "तुमचीच!" हे "तुमचीच" तिने तिथल्या तिथे तीनदा वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. टपरीवालीने बाटली परत घेतली.

कल्पना उत्तम होती, पण ती अमलात आणायला गाडी नव्हती. दशमीच्या आदल्या दिवशी काठमांडूत बसचं तिकीट मिळवायचं म्हणजे देव्हाऱ्यातला देव उधार मागण्यासारखं. कलंकी चौकात तीन बॅगा घेऊन ती दोन तास उभी राहिली. बसच्या टपावरही माणसं चिकटली होती. शेवटी एक ट्रक थांबला. मागे तीसेक बोकड, पुढे भली मोठी टोपी घातलेला ट्रकवाला.

"पोखऱ्याला जातोस का भाइ?"

"जातोय. पण दिदी, मागे सगळे खसी आहेत. उद्याचं मटण."

"मग मी पुढे बसते. तुझे खसी काही तिकीट काढून बसले नसतील."

"ते एकदाच जातात दिदी, त्यांना सवलत आहे."

तिच्या बॅगा बोकडांत गेल्या आणि ती पुढे बसली. वाटेत त्रिशूली नदी दिसली तशी ती ओरडली, धादिंगच्या फाट्यावर मक्याची भाजकी कणसं दिसली तशी पुन्हा ओरडली. दर वळणाला तिच्या तोंडून किरियाच्या भाषेत "सिगा, सिगा," निघे, म्हणजे हळू, हळू. ट्रकवाल्याला वाटलं ती शिगेला पोचायला सांगतेय, म्हणून तो आणखी दामटवी. पोखऱ्यात शिरल्यावर ट्रक बसथांब्याकडे वळला नाही, थेट खसी बाजाराकडे गेला. हे लक्षात असू द्या, कारण पुढचा सगळा घोळ या वळणाचा आहे.

बॅगा उतरवताना दिसलं की बांसाठी आणलेली गवती हॅट, जी तिने बॅगेच्या पट्ट्याला अडकवली होती, तिचा निम्मा काठ एका बोकडाने फस्त केला होता. लार्नाकाच्या बाजारात तिने ती तासभर घासाघीस करून घेतली होती.

"कोणत्याने खाल्ली?" तिने विचारलं.

"आता विचारून काय करता दिदी? उद्या तोही कुणाच्या तरी पोटात," ट्रकवाला म्हणाला. मग दोघंही हसायला लागली. रात्र तिने बाजाराजवळच्याच एका खानावळीत काढली.

दशमीच्या सकाळी रस्ते ओस पडतात. जो तो आपापल्या थोरल्यांकडे पोचलेला असतो. तिचं नशीब बलवत्तर, म्हणून आपल्या सासुरवाडीला टिक्याला निघालेल्या एका जीपवाल्याने तिला डोंगराला वळसे घालत काफलडांड्याच्या वरच्या पारापर्यंत आणून सोडलं. डोंगराच्या पायथ्याशी फेदीचा बाजार आहे, तिथून वर यायला दगडी पायऱ्यांची वाटही आहे, पण तीन बॅगा घेऊन ती कोण चढणार?

पारावरच पिंग उभा होता. चार उंच हिरवे बांबू वर एकत्र बांधलेले, त्यांतून सोडलेले बाबियो गवताचे जाडजूड दोर, खाली एक फळी. दसैंत प्रत्येकाचे पाय एकदा तरी जमिनीवरून सुटायला हवेत, म्हणून गावोगाव हा झोका उभारतात. दरवर्षी फोनवर टिका झाला की हुमकला विचारायची, "बा, पिंगवर बसलात का?" आणि बा म्हणायचे, "पुढच्या वर्षी." तिला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

आत्ता पिंगवर कुणीच नव्हतं. हे तिला जरा विचित्र वाटलं, पण डोक्यात "तुमचीच" घुमत होतं. बॅगा पाराशी टाकून, लाल शाल डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून, ती वाकून वाकून घराच्या अंगणात शिरली आणि ओळीच्या शेवटी जाऊन बसली. पोटातलं हसू आवरताना तिचे खांदे हलत होते.

ओळ होती. साठ माणसं होती. टिक्याचं लालभडक ताट होतं, जमरा होता, दिवा होता. आणि ताटामागचा बांचा पाट रिकामा होता.

एकाही कपाळावर टिका नव्हता. टिक्याआधी कुणी खात नाही, त्यामुळे साठ उपाशी माणसं मटणाचा वास घेत बसली होती आणि त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. शेजारी बसलेली सेती काकी, वय वर्षं त्र्याहत्तर, जीभ वय वर्षं वीस, कुरकुरत होती, "टिका नाही तो नाही, वर ही कोण थरथरणारी बाई शेजारी आणून बसवलीय. हिवताप आहे का गं तुला?"

हुमकलाचा बांध फुटला. ती खिदळली, शाल घसरली, आणि ओसरीवरून पाण्याची कळशी घेऊन येणाऱ्या भाउजूने तिला पाहिलं. कळशी पडली. बिमला भाउजू किंचाळली, "अगं बाई! तू कार्तिकात येणार होतीस!"

"ते गते आणि तारखेचं... भाउजू, सांगते सगळं, पण बा कुठेत?"

भाउजू मटकन पायरीवर बसली. हसावं की रडावं हे तिचं तिलाच कळेना. शेवटी ती म्हणाली, "तुला आणायला गेलेत."

"मला?"

"परवा संध्याकाळी मला समोर बसवून म्हणाले, धाकटी कान्छी काय म्हणाली ते शब्द न् शब्द सांग. मी सांगितलं, अकरा गते. म्हणाले, महिना सांगितला का? म्हटलं, नाही. म्हणाले, हसत बोलली का? म्हटलं, ती कधी हसत बोलत नाही? तेव्हा ते जे उठले..."

पुढचं दाइने सांगितलं. चेत दाइ दारातच गुडघ्याला पट्टी बांधून उभा होता, आणि धाकट्या बहिणीला बघून त्याचं तोंड मिटत नव्हतं. बा हिंदुस्तानच्या पलटणीत सतरा वर्षं होते. त्यांचं पेन्शन अजून तारखेला येतं. ते म्हणाले होते, "परदेशी राहिलेल्या माणसाच्या तोंडात गते असतं आणि डोक्यात तारीख असते. मी पहिल्यांदा सुट्टीवर येताना पत्रात 'पाच गते' लिहिलं. आलो तर घराला कुलूप. तुमची आई माहेरी जाऊन बसलेली! माझीच पोर आहे ती. ती उद्याच उतरतेय."

"आम्ही हसलो गं," दाइ म्हणाला. "म्हटलं, म्हातारा चळला. तर पहाटे उठून छत्री घेतली, एका डब्यात टिका कालवून घेतला, टोपीत जमरा खोवला आणि निघाले. जाताना बजावून गेले, यंदाचा पहिला टिका कान्छीला, या हाताने. तोवर ताटाला कुणी बोट लावायचं नाही."

"आणि फोन?"

"तो बंद असतो. वापरला तर संपेल म्हणून."

मग सगळा उलगडा झाला. दाइने सकाळी पोखऱ्याला बांच्या पलटणीतल्या दोस्ताला फोन केला होता. बा काल दिवसभर बसथांब्यावर काठमांडूच्या एकेका बसच्या दारात उभे राहून आत डोकावत होते. एक्केचाळीस बसगाड्या बघितल्या, त्या दोस्ताने मोजल्या होत्या. आणि त्याच वेळी त्यांची लेक बोकडांबरोबर खसी बाजारात उतरत होती. रात्री दोस्ताकडे झोपून बा आज उजाडताच दुधाच्या गाडीने फेदीकडे निघाले होते.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," सेती काकी म्हणाली. "बापाने एक वळसा घातला, लेकीने दुसरा. आणि मधल्या मध्ये आमची पोटं."

"टिक्याच्या मुहूर्ताची साइत बारा वाजून सात मिनिटांपर्यंतच आहे," भाउजू घड्याळ बघत म्हणाली. "साडेअकरा झाले. अहो, तुम्ही खाली जाऊन बघा ना."

"या गुडघ्यावर? मी जाईन तोवर ते येऊन जेवून झोपतील."

"कशाला खाली जाता?" सेती काकी उठली. "पिंगवर चढा. पिंग वर गेला की फेदीपर्यंतची पायरी न् पायरी दिसते. मी लग्नाआधी तिथूनच नवरा बघितला होता. लांबून बरा दिसला."

झालं, सगळी ओळ उठली. साठ उपाशी माणसं पाराकडे धावली. पिंगवर चढायचं कुणी, यावर वादच झाला नाही. हुमकला चप्पल काढून फळीवर उभी राहिली, दोर धरले, आणि बायांनी मागून रेटा दिला.

अकरा वर्षं! पहिल्या झोक्याला ती जोरात ओरडली. दुसऱ्या झोक्याला तिने गुडघे वाकवले, तिसऱ्याला फळी दाबली, आणि पायांना सगळं आठवत गेलं. शेतं खाली गेली, घराचा पत्रा खाली गेला, माछापुच्छ्रेचं शिखर टोपी काढल्यासारखं समोर उभं राहिलं. पिंग पुढे गेला की पायऱ्यांची वाट दिसे, मागे आला की सेती काकीचं बोळकं दिसे.

"दिसतात का?"

"म्हैस दिसतेय!"

"आता?"

"तीच म्हैस!"

"अगं मुली, बाप शोध, म्हशी नको मोजूस!"

आणि पुढच्या झोक्याला तिला एक काळी छत्री दिसली. पायऱ्यांच्या शेवटच्या वळणावर. पिंग मागे आला, छत्री गेली. पिंग पुढे गेला, छत्री आणखी जवळ आली. पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि या वेळी छत्रीखाली टोपी होती, टोपीत पिवळा जमरा होता, आणि एका हातात घट्ट धरलेला डबा होता. बा खूप लहान झाले होते. फोनच्या काचेत हे कधी कळलंच नव्हतं, कारण काचेत सगळेच लहान दिसतात. हुमकलाच्या तोंडातून आरोळी निघाली.

"बाऽऽ!"

छत्री थांबली. बांनी मान वर केली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना आकाशात येणारं-जाणारं काहीतरी लाल दिसलं असेल. पण आवाज त्यांनी ओळखला. छत्री तिथेच टाकून, एकोणऐंशी वर्षांचा माणूस पायऱ्या दोन-दोन करत वर आला.

"कान्छी! उतर खाली! साइत टळतेय!"

"उतरता येत नाही बा! पिंग थांबत नाही!"

तेही खरंच होतं. एवढा उंच पिंग एकदा चढला की आपल्या मर्जीनेच उतरतो. भाउजूने दोर धरायला हात घातला तर तीच दोन पावलं फरफटली. दाइने घड्याळ बघून ओरडायला सुरुवात केली, "बारा वाजून तीन! बारा वाजून चार!" बांनी डब्याचं झाकण काढलं. दोन दिवसांच्या आंबट दह्याचा वास अख्ख्या पारावर पसरला. त्यांनी बोटांवर टिक्याचा गोळा घेतला, पलटणीतल्यासारखे पाय रोवले आणि झोक्यासमोर उभे राहिले.

"फळीवर बस! डोकं पुढे कर!"

हुमकला उभ्याची बसली. पिंग आला. बांनी हात मारला. टिका तिच्या नाकावर बसला.

पिंग गेला, आला. दुसरा टिका उजव्या कानात गेला. तिसरा हुकला आणि मागे उभ्या सेती काकीच्या छातीवर पडला.

"अरे नरध्वज, माझा नंबर नंतर होता!" काकी बांवर ओरडली.

पारावर कुणाला श्वास घेता येईना. जे दोघं-तिघं हसून हसून खाली बसले होते त्यांनी डोळे पुसायला टोप्या काढल्या. बा मात्र भडकले होते.

"अकरा वर्षं फोनमध्ये दर दोन मिनिटांनी थिजून बसायचीस! ऐन आशीर्वादाच्या वेळी थिजायचीस! आता थिज म्हटलं तर थिजत नाहीस!"

"बारा वाजून सहा!"

या वेळी पिंग जरा मंद आला. बांनी डबा टाकून दिला, डाव्या हाताने लेकीचं डोकं मागून धरलं, तिच्याबरोबर चार पावलं मागे मागे धावले, आणि धावता धावता उजव्या हाताचा सगळा तळवा तिच्या कपाळावर दाबला. गार, आंबट, चिकट टिका. तो कपाळावरून भुवयांवर उतरला, नाकावरच्या टिक्याला मिळाला. बांचा हात खरखरीत होता. काच कधी खरखरीत नसते. हुमकला रडायला लागली, आणि रडता रडता तिला हसूही आवरेना.

बांनी टोपीतला जमरा तिच्या कानामागे खोवला आणि आशीर्वाद पुटपुटायला सुरुवात केली. निम्म्यात त्यांचा आवाज गेला, तो त्यांनी खाकरून परत आणला. मग, लेकीला देवी मानायच्या रीतीप्रमाणे, बापाने लेकीच्या पाया पडायचं होतं. फळी थांबली होती, आणि हुमकलाने दोर धरून मागे रेलत पाय त्यांच्या छातीपर्यंत उचलले. त्यांनी उभ्या उभ्याच त्या पायांना कपाळ लावलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "वाकायला नको."

मग डोळे बारीक करून तिचं रंगलेलं तोंड त्यांनी जवळून पाहिलं. "बघू तरी. एवढा टिका फासून बसलीय. कुणाची गं तू?"

काल सकाळपासून घोकून ठेवलेलं ते एक उत्तर. तीन-तीन आवाजांत पाठ केलेलं. हुमकलाने तोंड उघडलं आणि तिला शब्दच फुटेना. तिने नुसतीच मान हलवली, आणि बांनीही हलवली.

"चला, आता ताटाकडे," भाउजू म्हणाली. "मटण करपायच्या आत."

"थांबा भाउजू." हुमकलाने नाक पुसलं. "बा, तुमचे पाय सुटले का यंदा?"

बा टोपी नीट करायला लागले. "पुढच्या वर्षी."

"कसलं पुढच्या वर्षी!" सेती काकी मध्ये पडली. "तू गेलीस तेव्हापासून हा पिंगला शिवलेला नाही. आम्ही विचारलं तर म्हणतो, पोर तिकडे पाय सुटलेली आहे. दोघांतलं एक तरी जमिनीवर असलेलं बरं."

हुमकलाने बांकडे पाहिलं. बा म्हशीकडे पाहत होते.

ती फळीवर एका बाजूला सरकली, बांचा हात धरला आणि त्यांना ओढून शेजारी बसवलं. बॅगेच्या पट्ट्याची ती अर्धी खाल्लेली हॅट दाइने तिच्याकडे टाकली, ती तिने बांच्या टोपीवरच चढवली. बांनी दोर धरले. ते "नको, नको" म्हणत होते, पण पाय त्यांनी आधीच वर उचलून घेतले होते.

बायांनी रेटा दिला. पिंग उठला. बा आधी "ए, ए, ए" करायला लागले, आणि तिसऱ्या झोक्याला त्यांनी असा हुंकार काढला की खालची म्हैस पळाली.

"कान्छी!" ते वाऱ्यातून ओरडले. "दोघंही वर आलो की! आता खाली कोण आहे?"

"मी आहे!" खालून भाउजूचा आवाज आला. पदर खोचून, दोन्ही हातांनी फळी ढकलत, घामाघूम. "अकरा वर्षं मीच आहे खाली! फोन मी धरायचा, दही मी पुसायचं, आणि आता पिंगही मीच ढकलायचा!"

पिंग पुढे गेला, मागे आला. मागे येताना बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनीही एकदमच पाय खाली टाकून जमिनीला घासायला सुरुवात केली. फळी धुरळा उडवत, हेलकावे खात थांबली.

"बिमला," बा उतरत म्हणाले, आणि त्यांनी सुनेपुढे दोर धरले. "चढ."

"मी? आणि साइत? आणि मटण? आणि ही साठ माणसं?"

"थांबतील," सेती काकी म्हणाली. "सवय झालीय."

भाउजूने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, चपला काढल्या आणि फळीवर उभी राहिली. मागून रेटा द्यायला हुमकला आणि बा दोघंही उभे राहिले.

"सिगा, सिगा," हुमकला म्हणाली.

"म्हणजे काय?" भाउजूने वरून विचारलं.

"म्हणजे आणखी जोरात!" बा म्हणाले, आणि त्यांनी ढकललं.